शनिवारवाड्याच्या पटांगणात नाटक : कुणी केलंय? कुणी पाहिलंय?

तिसरीघंटा | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, आमचा नऊ जणांचा हौशी ग्रुप आहे. दिवसा पोटापाण्याचे उद्योग, रात्री तालीम. आजवर स्पर्धांमधून एकांकिका केल्या. म्हणजे समोर तीन परीक्षक, त्यांच्या मागे पुढच्या ग्रुपची पोरं आणि शेवटच्या रांगेत आमच्या आया. त्याचा आता कंटाळा आलाय.

यंदा पाऊण तासाचं नवं नाटक बसवतोय. विषय थोडक्यात सांगतो. मंडईची इमारत १८८६ साली उघडली. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सदस्य होते आणि इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. इमारत झालीच. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव लागलं आणि पटांगणातला बाजार उठून तिकडे गेला. आमच्या नाटकातली कोथिंबीरवाली (काल्पनिक आहे, पुरावा मागू नका) उठायला नकार देते.

तर डोक्यात आलं की ती जिथं बसायची तिथंच हे का करू नये? मागे दिल्ली दरवाजा, वर नगारखाना, नेपथ्याचा खर्च शून्य. तिकीट नाही, शेवटी झोळी फिरवायची. पटांगणात भाषणं, गाणी, शाळांची संचलनं सगळं होतं, मग साधं नाटक का दिसत नाही? उघड्यावर नाटक केलेल्या किंवा पाहिलेल्या माणसांनी अनुभव लिहा. वेड्यात काढायचं असेल तर कारण देऊन काढा.

२०८_सदाशिव | सोमवार, रात्री ११:५२

पहिला प्रश्न: गाडी कुठे लावायची?
दुसरा प्रश्न: नाटक वाईट निघालं तर ती पटकन काढता येईल का?

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

आला! बारा मिनिटांत आला पार्किंगचा प्रतिसाद. मेट्रोने या की. कसबा पेठेत उतरलं की वाडा हाकेच्या अंतरावर आहे.

बाकी कल्पना झकास. आणि '१ ते ४'चा विनोद करणाऱ्याला धाग्यातून हाकलावं अशी आगाऊ मागणी नोंदवतो.

वाड्याशेजारचा | मंगळवार, सकाळी ८:०५

कल्पना झकास असायला मुठाकाठ यांचं काय जातं? ते राहतात कुठे ते लिहा आधी.

मी कसब्यात राहतो, जन्मापासून. आईला संध्याकाळी सातची गोळी घेतली की डोळा लागतो. आठला कुणीतरी "हॅलो चेक, माइक चेक, वन टू थ्री" सुरू करतो. गेली वीस वर्षं हे चेक चाललंय. एकदाही तो माइक पास झालेला नाही.

तुमच्या नऊ जणांशी माझं वैर नाही. पण तुमच्यानंतर नव्वद जण येतील आणि प्रत्येकाला दिल्ली दरवाजा फुकटचं नेपथ्य वाटेल.

भोंगेवाला | मंगळवार, सकाळी १०:३०

साउंडचा धंदा आहे माझा, त्यामुळे शेजारच्या काकांचे शाप मलाच लागत असणार. (काका, माइक पास व्हायचा असता तर आमची घरं चालली असती का?)

तिसरीघंटा, हिशोब ऐक. उघड्यावर आवाज परत फेकायला ना छत ना भिंत. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. तुझी कोथिंबीरवाली चांगली कसलेली आहे आणि एक मीटरवर ७५ डेसिबल काढते असं धरू. दोन मीटरवर ६९, चारवर ६३, आठवर ५७, सोळावर ५१. आता नव्या पुलावरून येणारी बस शिवाजी रस्त्याला लागते आणि गियर टाकते. मी एकदा पटांगणात उभं राहून फोनवर मोजलं होतं, संध्याकाळी सहानंतर काटा सत्तरीच्या खाली यायला तयार नव्हता. म्हणजे आठव्या मीटरला तुझी बाई फक्त तोंड हलवताना दिसणार.

मग कॉलर माइक लावशील. नऊ माइक, वारा, फुसफुस, एकाची बॅटरी ऐन वाक्यात बसणार. आणि आवाज येणार डावी-उजवीकडच्या पेट्यांतून, त्यामुळे बोलतंय कोण हे शोधण्यात प्रेक्षकाचं अर्धं नाटक जाणार. कर म्हणतो, पण आठ मीटरच्या आत कर.

अडगळीतलीखोली | मंगळवार, दुपारी १२:१०

भोंगेवाल्यांशी सहमत, आणि हे भरतमुनींनी आधीच सांगून ठेवलंय. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठी नाट्यमंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावा असं आहे. दीड फुटाचा हात धरला तर ९६ फूट गुणिले ४८ फूट, आणि त्यात रंगमंच, नेपथ्यगृह, प्रेक्षक सगळं आलं. याहून मोठं केलंत तर स्वर बिघडतो आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असा इशारा तिथंच आहे.

शिवाय पुण्याला बंदिस्त नाटकाचीच चटक. ३१ ऑक्टोबर १८८० ला बुधवार पेठेत आनंदोद्भव नाट्यगृहात शाकुंतल झालं आणि मराठी रंगभूमी पुण्यात सुरू झाली.

कृष्णाकाठचा_वांगेवाला | मंगळवार, दुपारी १२:१८

ओ अडगळ! मराठी रंगभूमी सांगलीत सुरू झाली. विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, १८४३. म्हणूनच ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. पुण्यात फक्त त्याची तिकीटविक्री जोरात झाली.

अडगळीतलीखोली | मंगळवार, दुपारी १२:३१

संगीत रंगभूमी म्हणायचं होतं. घाईत शब्द राहिला.

कृष्णाकाठचा_वांगेवाला | मंगळवार, दुपारी १२:३३

पुणेकराने चूक कबूल केली. धाग्याची वाचनखूण साठवतोय.

गौराई७९ | मंगळवार, दुपारी ३:४५

एवढा वेळ नुसती वाचत होते. नाट्यशास्त्र आणि डेसिबल झालं, पण उघड्यावरचं नाटक पुण्यात दरवर्षी दहा दिवस होतं हे कुणालाच आठवू नये? गणपतीतले जिवंत देखावे! पेठांत गल्लीच्या तोंडाशी ट्रकच्या उंचीचं स्टेज, समोर रस्त्यावर उभी गर्दी, दहा-बारा मिनिटांचा प्रसंग. पडदा पडला की ती गर्दी पुढच्या मंडळाकडे सरकते, नवी येते, पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत वीस-बावीस खेळ. याला नाटक नाही तर काय म्हणायचं?

मी तीन वर्षं जिजाऊ केली, शेवटची १९९७ ला. नऊवारी, वर खोटा शेला, वर फोकस. बावीस खेळांत एकदाही बसायला मिळायचं नाही, कारण नऊवारीची पुढची घडी बसली की मोडते. बाजूला एक काकू कोकमचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. संवाद आम्ही बोलत नव्हतो, ते आधीच रेकॉर्ड केलेले. कुणा अनोळखी बाईंचा भारदस्त आवाज आणि त्याखाली मी ओठ हलवायचे. भोंगेवाले म्हणतात तो घोळ मंडळांनी असा सोडवला होता.

एका रात्री, बहुतेक अकरावा खेळ असेल, "शिवबा, हे राज्य..." इथे कॅसेट गुंतली. आधी आवाज लांबला, मग नुसतं कुईकुई, मग काहीच नाही. समोर पाच-सहाशे माणसं. शिवबा झालेला मुलगा अकरा वर्षांचा. तो माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "आऊसाहेब, पुढचं वाक्य तुमचं आहे."

गर्दी फुटली. शिट्ट्या आल्या. पण मला सगळं पाठ होतं, शंभर वेळा त्यावर ओठ हलवले होते. मी आपल्या घशाने बोलायला लागले. मागून "आवाज!" अशी ओरड झाली. आणि मग मागचे लोक चक्क पुढे सरकले. स्टेजच्या कडेला कोपरं टेकून उभे राहिले, एका बाईने तर बाळ माझ्या पायाशी स्टेजवर बसवलं. सात मिनिटं कुणी हललं नाही. तेवढ्यात टेपवाल्याने पेन्सिल घालून फीत गुंडाळली आणि पुढचा खेळ पुन्हा त्या अनोळखी बाईंच्या आवाजात झाला.

म्हणून सांगते, ते आठ मीटर तुम्ही पट्टीने आखू नका. लोक ती जागा आपण होऊन ठरवतात.

२०८_सदाशिव | मंगळवार, दुपारी ४:०२

"आऊसाहेब, पुढचं वाक्य तुमचं आहे." 😂 हे आता घरी वापरणार.

मुठाकाठ | मंगळवार, दुपारी ४:२०

गौराईताई, वेगळा धागा काढा. कोकमच्या तांब्यासाठी तरी.

जुनापेठी | मंगळवार, सायंकाळी ५:५५

देखाव्यांच्याही मागे जायचं तर मेळे. १८९०च्या दशकात सार्वजनिक गणपतीबरोबर ते आले. एकाच वेषातली मुलं, पद्यं, संवाद, टिपऱ्या. या मंडपातून त्या मंडपात, या चौकातून त्या चौकात. मुखडा देवाचा आणि अंतरा राजकारणाचा.

हे गोग्गोड मात्र नव्हतं. १९२०च्या दशकात एकीकडे सन्मित्र समाज मेळा आणि दुसरीकडे केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकारातला छत्रपती मेळा. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद ऐन रस्त्यावर गाण्यांतून चालला. एकमेकांवर रचलेली पद्यं इथे देत नाही, धागा बंद पडेल.

तिसरीघंटा, तुम्ही फुल्यांना पटांगणात आणताय. समोर पेशव्यांचा दरवाजा, घोड्यावर बाजीराव आणि खाली बाजार उठवू नका म्हणणारी बाई. नेपथ्य फुकट म्हणालात, पण ते मुकं नाही. तुमच्या पात्रांआधी ते बोलायला लागेल. ते काय बोलणार याचा विचार संहितेत केलाय का?

वाड्याशेजारचा | मंगळवार, सायंकाळी ६:१०

बघा, तरी म्हटलं अजून जात कशी आली नाही.

जुनापेठी | मंगळवार, सायंकाळी ६:१४

आली नाही हो, होतीच. मी फक्त दिवा लावला.

फडावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

नारायणगावकडचा माणूस आहे मी. आमच्याकडे पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेवाले येऊन सुपाऱ्या ठरवतात. लहानपण त्या राहुट्यांभोवती गेलं, म्हणून चार शब्द.

पुण्याच्या हौशी मंडळींची चूक एकच. तिसरी घंटा झाली की प्रेक्षक गप्प बसणार, असं तुम्ही गृहीत धरता (आयडीच बघा). उघड्यावर घंटा कुणासाठी वाजवणार? जत्रेतला माणूस उभा असतो, हातात पोर असतं, पलीकडे पाळणा फिरत असतो. म्हणून तमाशात वग, म्हणजे मुख्य नाटक, सगळ्यात शेवटी येतो. आधी गण, मग गवळण, मग बतावणी. तोवर माणसं येतात, जातात, जागा धरतात. बतावणीत सोंगाड्या त्याच गावातल्या गोष्टी घेतो. सरपंचाची नवी गाडी, शाळेचं गळकं छप्पर. आपलं नाव निघालं की माणूस बसतो. बसला की मग वग.

तुमची कोथिंबीरवाली पहिल्याच मिनिटाला अडून बसली तर बघायला कुणी नसेल. आधी पंधरा मिनिटं तिला नुसती भाजी विकू द्या.

तिसरीघंटा | मंगळवार, रात्री ११:०५

फडावरचा काका, शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार. (आयडी बदलता येत नाही, सहन करा.)

जुनापेठी, विचार केलाय असं वाटत होतं. तुमचा प्रतिसाद वाचून संहिता पुन्हा उघडली. आमच्या नाटकात वाड्याचा उल्लेखच नाही, एकदाही नाही. बंदिस्त थिएटरात ते चाललं असतं. तिथं ती बाई पाठ करून बसणार कशाकडे, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

भोंगेवालेदादांचं एक पटत नाही. माइक नको हे ठीक, पण आठ मीटर म्हणजे शे-दीडशे माणसं. मग पटांगण कशाला, गच्ची काय वाईट?

भोंगेवाला | मंगळवार, रात्री ११:१२

गच्चीवर अनोळखी माणूस येत नाही रे बाबा.

आजोबा_शनिवार | बुधवार, सकाळी ६:२०

टंकलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, नातवाने हा कळफलक नुकताच बसवून दिला आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी नऊ वर्षांचा होतो. वडील मला खांद्यावर घेऊन पटांगणावर अत्र्यांच्या सभेला गेले होते. भाषणातले एक अक्षर आठवत नाही. आठवते ते एवढेच की अत्रे मधेच थांबत, पाणी पीत, आणि ते ग्लास खाली ठेवीपर्यंत एवढ्या गर्दीत कोणी खोकत नसे. ग्लास टेबलावर टेकला की हशा. आधी हशा, विनोद नंतर. वडील हसले की मी वर हिंदकळत असे. माझ्या लेखी ते नाटकच होते आणि मला बाल्कनीची जागा मिळाली होती.

ज्या मंडईला फुल्यांनी विरोध केला, तिला पुढे नगरपालिकेत फुल्यांचेच नाव दिले गेले, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो अत्र्यांनीच. तुमच्या नाटकाचा शेवट मला माहीत नाही, पण ही गंमत त्यात नसेल तर हळहळ वाटेल.

एक व्यावहारिक गोष्ट. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. तो पाठीशी घेतलात तर प्रेक्षक दक्षिणेकडे पाहतील आणि मावळतीचे ऊन नटांच्या डाव्या गालावर पडेल. साडेपाच ते साडेसहा दिवा लागणार नाही.

गौराई७९ | बुधवार, सकाळी ७:४०

"विनोद नंतर, हशा आधी." आजोबा, लिहीत राहा.

सहीशिक्का | बुधवार, सकाळी ११:००

रसभंग करायला आलेय, माफी असावी. संस्थेच्या कार्यक्रमांचे कागद मीच रंगवते म्हणून सांगते.

संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. प्रमाणपत्र आल्याशिवाय जाहीर प्रयोग नाही, तिकीट असो वा झोळी. मग जागेची परवानगी. वाडा १९१९ पासून संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे दरवाज्याच्या पायऱ्यांवर लेव्हल्स ठेवू, कमानीला पडदा बांधू असलं स्वप्नातही आणू नका. खिळा तर दूरच, दोरीसुद्धा नाही. मग पोलीस. भोंगा लावलात तर रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सूट वर्षाकाठी मोजक्या सणासुदीच्या दिवसांना असते, त्यात तुमची कोथिंबीर येत नाही.

आणि बायकांनी कपडे कुठे बदलायचे ते ठरवलंय? नऊ जणांत मुली किती? सेट फुकट म्हणताना हा प्रश्न कधी कुणाला पडत नाही, म्हणून विचारते.

तिसरीघंटा | बुधवार, दुपारी १:२५

मुली चार. प्रश्न पडला नव्हता. खोटं कशाला बोलू.

२०८_सदाशिव | बुधवार, दुपारी १:३०

रात्रीचा प्रयोग ठेवणार असाल तर पौर्णिमा टाळा. 'काका मला वाचवा'चं त्या दिवशीचं बुकिंग १७७३ पासून आहे. हाउसफुल.

कृष्णाकाठचा_वांगेवाला | बुधवार, दुपारी १:३६

आणि अडीचशे वर्षांत अजून दुसरा संवाद बसवलेला नाही. याला म्हणतात पुण्याची प्रायोगिक रंगभूमी.

मुठाकाठ | बुधवार, दुपारी १:५०

अवांतर: पटांगणाजवळ भेळ कुणाची चांगली? नाटकाआधी की नंतर खावी?

*(यानंतरचे चौदा प्रतिसाद भेळेत कैरी असावी की नसावी यावर होते, ते भेळेच्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)*

तिसरीघंटा | जवळपास तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण केलं.

प्रयोग नाही हं, सहीशिक्काताई, संहिता अजून परिनिरीक्षणालाच आहे. आज साडेपाचला आम्ही सात जण घरूनच साध्या कपड्यांत गेलो. सतरंजी, वह्या, दोन टोपल्या. माइक नाही, पाटी नाही. पटांगणाच्या कडेला बसून वाचन. रखवालदार आले, काय चाललंय विचारलं. वाचतोय म्हटलं. ते म्हणाले, "मोठ्याने का?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. थोडा वेळ उभे राहून ऐकलं आणि गेले.

पहिली दहा मिनिटं समोर एक फुगेवाला आणि शनिवारवाडा बघून दमलेलं एक कुटुंब. आमचा लॉर्ड रे इतका घाबरला की त्याने दोन पानं एकदम उलटली. मग आमच्या कोथिंबीरवालीने वही मिटली, टोपली पुढे ओढली आणि फडावरचा काकांनी सांगितलं तसं नुसती विकायला लागली. जुड्या खऱ्या होत्या, सकाळी आणलेल्या, तोवर माना टाकलेल्या. ती पाणी शिंपडत हाळी घालत होती. एक काकू भर्रकन येत होत्या, थांबल्या, म्हणाल्या, "कशी दिली?" ती म्हणाली, "पैशाला जुडी." काकू म्हणाल्या, "आं?" ती म्हणाली, "१८८५ चाललंय, बसा." आणि काकू बसल्या हो! पिशवी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत.

शेवटी मोजले, एकेचाळीस. बस आली की आम्ही थांबायचो, बस गेली की पुढचं वाक्य. आजोबा, तो पाण्याच्या ग्लासाचा प्रकार आम्हाला बसनेच शिकवला. ऊन डाव्या गालावरच आलं. जुनापेठी, बाई आता वाड्याकडे पाठ करून बसते आणि एकदाच, एकदाच मान वळवते. वाक्य नाही दिलं. वाड्याशेजारचे काका, साडेसहाला सतरंजी झटकून गेलो, आईंना विचारून सांगा ऐकू आलं का.

काकू जाताना दोन जुड्या घेऊन गेल्या आणि वीस रुपये सतरंजीवर ठेवले. ग्रुपच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलेत.

वाड्याशेजारचा | रविवार, रात्री १०:४०

मी तिथंच होतो. मागे, निळा शर्ट. आईला काही ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी तिला खुर्ची टाकून आणतो.

फडावरचा | रविवार, रात्री १०:५२

वीस रुपये सुपारी. शाब्बास.

२०८_सदाशिव | रविवार, रात्री ११:००

सगळं वाचलं. गाडी कुठे लावली होती ते लिहिलं नाहीत.

तिसरीघंटा | रविवार, रात्री ११:०३

मंडईत.